साडेसात सेंटिमीटरचा ल्यूथर: घ्यावा की नाही?

मार्टिन ल्यूथरचा प्लॅस्टिकचा बाहुला निघालाय असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोण, तो अमेरिकेतला, काळ्या लोकांसाठी लढलेला?" नाही हो, तो मार्टिन ल्यूथर किंग. हा त्याच्या साडेचारशे वर्षं आधीचा जर्मन माणूस, ज्याच्यावरून त्याला ते नाव मिळालं. किंगच्या वडलांचं मूळ नाव मायकल, पोराचंही मायकलच ठेवलेलं, पण १९३४ मध्ये वडील जर्मनीला जाऊन आले, तिथे ल्यूथरबद्दल जे बघितलं-ऐकलं त्याने इतके भारावले की परत येऊन स्वतःचं आणि पोराचं, दोघांचंही नाव बदलून टाकलं. तर रिव्ह्यू आहे तो या मूळ ल्यूथरचा, म्हणजे प्लेमोबिल या जर्मन खेळण्यांच्या कंपनीने काढलेल्या त्याच्या बाहुल्याचा. शाळेच्या पुस्तकात धर्मसुधारणेच्या, म्हणजे पोपच्या चर्चविरुद्ध उठलेल्या चळवळीच्या धड्यात दोन ओळीत येऊन गेलेला माणूस, तोच.

आधी याची कुंडली सांगते. धर्मसुधारणेला २०१७ मध्ये पाचशे वर्षं होणार होती, त्याची तयारी म्हणून २०१५ च्या सुरुवातीला हा बाजारात आला. जर्मनीचं पर्यटन मंडळ आणि न्यूरेंबर्ग शहराचं पर्यटन खातं या मंडळींनी सांगून बनवून घेतलेला. कोणाला वाटलं असतं की एका धर्मपंडिताचा बाहुला, तोही हातात पुस्तक धरलेला, ना तलवार ना घोडा, पोरं कशाला घेतील? पहिला ३४,००० चा लॉट ७२ तासांत संपला. मग पुन्हा काढले, पुन्हा संपले, आणि २०१७ पर्यंत दहा लाखांच्या वर गेले. म्हणजे चाचे, शूरवीर, फायर ब्रिगेडवाले सगळे बाजूला आणि हा टोपीवाला प्रोफेसर पुढे. मी स्वतः घेतला तो विटेनबर्गमधल्या, म्हणजे ल्यूथर जिथे शिकवायचा त्या गावातल्या एका छोट्या दुकानातून, थोडेच युरो गेले, तेव्हा पैशाचा विषय इथेच संपवते, जर्मनीत एका कॉफीला जेवढे लागतात त्याच घरातली किंमत आहे.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे हा नेहमीचाच प्लेमोबिल आहे. साडेसात सेंटिमीटर उंची, नाक नाही, दोन काळे ठिपके म्हणजे डोळे आणि ते कायमचं गोड हसू. अंगात काळा लांब झगा, डोक्यावर काळी टोपी, एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक. झगा चांगला जमलाय, प्लॅस्टिकचा असून जड वाटतो, प्रोफेसरी रुबाब आहे त्याला. हात खांद्यातून फिरतात, मनगटं फिरतात, दोन्ही पाय एकत्र हलतात म्हणजे बसवता येतो, उभा करता येतो, पण चालवता येत नाही आणि गुडघे तर वाकतच नाहीत. आता हे सगळ्या प्लेमोबिलचंच आहे, कंपनीने यात काही मुद्दाम केलेलं नाही, पण पोपपुढे आणि बादशहापुढे न झुकलेल्या माणसाचा बाहुला गुडघे टेकू शकत नाही हे बघून मला जाम हसू आलं. (खरा ल्यूथर प्रार्थनेला गुडघे टेकायचा ती गोष्ट वेगळी.)

खटकलं ते हसू. कारण ल्यूथरची जी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते त्यात तो अजिबात हसत नव्हता, चांगलाच टरकलेला होता.

जर्मनीतलं वॉर्म्स शहर, एप्रिल १५२१. तोवर पोपने त्याला चर्चमधून काढून टाकलेलं. त्याआधी पोपचं जे धमकीचं आज्ञापत्र आलं होतं ते या पठ्ठ्याने १० डिसेंबर १५२० ला विटेनबर्गच्या वेशीबाहेर शेकोटीत टाकलं होतं, म्हणजे परतीचे दोर स्वतःच कापलेले. आता बादशहाच्या दरबारात हजर हो असं बोलावणं. बादशहा पाचवा चार्ल्स, वय वर्षं २१, पण स्पेनपासून ऑस्ट्रियापर्यंत राज्य. १७ तारखेला दुपारी ल्यूथरला आत नेलं. समोर सरदार, बिशप, राजपुत्र, आणि टेबलावर त्याच्याच पुस्तकांचा ढीग. प्रश्न दोनच: ही पुस्तकं तुझी का? आणि यातलं लिहिलेलं मागे घेतोस का? त्याचा वकील ओरडला, आधी पुस्तकांची नावं तरी वाचा! नावं वाचली. पुस्तकं माझीच, असं तो म्हणाला. आणि दुसऱ्या प्रश्नाला काय म्हणाला असेल? विचार करायला वेळ द्या. तेही इतक्या हळू आवाजात की मागच्यांना धड ऐकूही गेलं नाही.

हे कुठल्या पुतळ्यात दिसत नाही बघा. सगळीकडे तो छाती काढून उभा. पण ज्या क्षणासाठी चार वर्षं सगळा जर्मनी श्वास रोखून होता त्या क्षणी हा माणूस अडखळला, वेळ मागितला, आणि एक दिवसाची मुदत घेऊन रात्री मुक्कामाच्या जागी परत गेला. त्या रात्री पळून जाता आलं असतं का माहीत नाही, पण नमतं घेता नक्की आलं असतं. दोन ओळी लिहून द्यायच्या, मी जरा जास्तच बोललो, आणि आयुष्यभर विटेनबर्गात पोरांना शिकवायचं, कोणी काही म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उशिरा बोलावलं, गर्दी इतकी की मशाली लावलेल्या, उकाड्याने घामाघूम झालेला. आणि आज आवाज खणखणीत. आधी पुस्तकांचे तीन ढीग केले. काही साधी भक्तीची आहेत, ती तर विरोधकांनाही मान्य. काही पोपच्या कारभाराविरुद्ध आहेत, ती मागे घेतली तर जुलमाला दार उघडून दिल्यासारखं होईल. आणि काहींमध्ये माणसांवर टीका आहे, तिथे माझी जीभ जरा जास्त तिखट झाली हे कबूल, पण मजकूर मागे घेणार नाही. समोरचा अधिकारी वैतागला, आडवळणाने नको, सरळ उत्तर दे. मग त्याने सरळ दिलं: शास्त्रवचनातून किंवा स्पष्ट युक्तिवादातून तुम्ही मला चूक दाखवून देत नाही तोवर मी काहीही मागे घेऊ शकत नाही, घेणारही नाही, कारण सदसद्विवेकाविरुद्ध वागणं धोक्याचंही आहे आणि बरोबरही नाही. देव माझं रक्षण करो, आमेन. ते प्रसिद्ध "हा मी इथे उभा आहे" वालं वाक्य त्यावेळच्या नोंदींमध्ये सापडत नाही, नंतर छापलेल्या प्रतीत आलं. मला विचाराल तर त्याची गरजही नव्हती, आधीचं वाक्य पुरेसं होतं. बाहेर पडल्यावर त्याने सुटलो बाबा एकदाचा अशा थाटात दोन्ही हात वर केले म्हणतात. माझ्या बाहुल्याचे हात वर जातात, करून बघितलं, लेखणी तेवढी काढून ठेवावी लागते.

कोणी म्हणेल, बादशहाने अभयपत्र दिलं होतं ना, मग भीती कसली. अभयपत्र यान हुसलाही होतं. प्राग शहरातला तो पाद्री, साधारण हेच सगळं शंभर वर्षं आधी बोललेला, कॉन्स्टन्सच्या चर्च-परिषदेला तेव्हाच्या राजाच्या, सिगिस्मुंडच्या शब्दावर गेला आणि १४१५ मध्ये त्याला जिवंत जाळलं. ल्यूथरला हे पाठ होतं, दोन वर्षं आधी लाइपझिगच्या वादात योहान एक नावाच्या विरोधी पंडिताने त्याच्याकडून हुसची बरीच मतं खरी ख्रिस्ती होती असं वदवूनच घेतलं होतं, म्हणजे तुझीही वाट तीच हे तेव्हाच ठरवून टाकलेलं. आणि धोका नुसता बोलण्यापुरता नव्हता. वॉर्म्सनंतर दोनच वर्षांनी, १ जुलै १५२३ ला, त्याच्याच (ल्यूथरही मठातला साधूच) ऑगस्टिनियन पंथाच्या अँटवर्पच्या मठातल्या दोन तरुण साधूंना ब्रसेल्सच्या चौकात जाळलं. ल्यूथरला ही बातमी कळली तेव्हा त्याने त्या दोघांवर गाणं लिहिलं, त्याच्या पहिल्यावहिल्या गाण्यांपैकी ते एक. आपण बोललो आणि जळलं दुसरं कोणी, हे घेऊन हा माणूस पुढची तेवीस वर्षं जगला. बाहुल्याच्या हसऱ्या चेहऱ्यात हे कसं बसवणार?

बरं, लेखणी आणि पुस्तकाकडे येते, कारण डिझाइनवाल्याने इथे डोकं लावलंय. हातात हातोडा दिलेला नाही! याचे पूर्ण मार्क. ल्यूथर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे चर्चच्या दारावर कागद ठोकणारा माणूस येतो, पण ३१ ऑक्टोबर १५१७ ला त्याने तो कागद खरंच ठोकला का यावर इतिहासकार अजून भांडतात. त्या दिवशी त्याने माइन्झच्या आर्चबिशपला, आल्ब्रेख्टला, पत्र पाठवलं आणि सोबत ९५ मुद्दे जोडले एवढं नक्की. विषय काय तर पापक्षमेची पत्रं, म्हणजे पैसे भरा आणि शिक्षा माफ करून घ्या, स्वतःचीच नाही तर मेलेल्या नातेवाइकांचीही. योहान टेट्झेल नावाचा साधू गावोगाव फिरून ती विकायचा. रोमला सेंट पीटरचं चर्च बांधायला पैसे पाहिजेत असं लोकांना सांगायचे, पण त्यातले अर्धे चालले होते फुग्गर सावकाराकडे, कारण आल्ब्रेख्टसाहेबांनी आर्चबिशपची गादी मिळवायला तिथून कर्ज काढलेलं. ल्यूथरला यातली आतली गोष्ट तेव्हा माहीत नव्हती, त्याने आपला साधा प्रश्न विचारला की पोपच्या हातात एवढी माफी आहे तर तो प्रेमापोटी सगळ्यांनाच फुकट का देत नाही. यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. विटेनबर्गच्या त्या चर्चला आता जे दार आहे ते १८५८ चं, ब्राँझचं, त्यावर सगळे ९५ मुद्दे ओतीव अक्षरात आहेत, जुनं लाकडी दार १७६० मध्ये लढाईत जळालं. लोक त्या दारापुढे फोटो काढतात, हरकत नाही, मीही काढला, बाहुला हातात धरून.

गंमत म्हणजे ज्या चर्चच्या दारावरून एवढं रामायण, त्याच चर्चमध्ये ल्यूथरच्या सॅक्सनी प्रांताचा सत्ताधीश फ्रेडरिक याने साठवलेले एकोणीस हजारांवर पवित्र अवशेष होते, कोणाचं हाड, कोणाचा दात, आणि ते बघायला येणाऱ्यांनाही पापक्षमा मिळायचीच. म्हणजे प्रोफेसरने आपल्याच मालकाच्या दुकानावर दगड मारला होता. आणि त्याच मालकाने पुढे त्याचा जीव वाचवला.

तो असा. वॉर्म्सहून परत येताना ४ मे ला जंगलात घोडेस्वारांनी ल्यूथरची गाडी अडवली आणि त्याला उचलून नेलं. लोकांना वाटलं मेला. प्रत्यक्षात फ्रेडरिकनेच हे नाटक घडवून आणलेलं, ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यावर सुखरूप, दाढी वाढवून, केस वाढवून, योर्ग नावाचा सरदार बनून बसलेला. तिकडे बादशहाने फर्मान काढलेलं की याला कोणी अन्नपाणी देऊ नका, आसरा देऊ नका, पुस्तकं जाळा. दहा महिने तो तिथे होता. एकटा, पोट बिघडलेलं, झोप नाही, घुबडांचे आवाज, आणि त्या खोलीत बसून त्याने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला, साधारण अकरा आठवड्यात. मला अजून हे खरं वाटत नाही. सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबर्गला छापून आला, लुकास क्रानाखची चित्रं घालून, तीनेक हजार प्रती, आणि डिसेंबरमध्ये दुसरी आवृत्ती काढावी लागली. ती खोली बघायला मिळते, साधीच आहे, टेबल, खुर्ची आणि पायाशी देवमाशाच्या मणक्याचं हाड, पाय ठेवायला. भिंतीवर पूर्वी शाईचा डाग दाखवायचे, सैतानाला दौत फेकून मारली त्याचा, पण येणारेजाणारे आठवण म्हणून गिलावाच खरवडून न्यायचे आणि मग डाग पुन्हा रंगवावा लागायचा.

आता बाहुल्याची चूक पकडा. हातातलं पुस्तक तेच, नवा करार, पानावर तसं छापलंय, डॉक्टर मार्टिन ल्यूथरने भाषांतरित केलेला. पण भाषांतर करत असताना तो या काळ्या झग्यात आणि तुळतुळीत चेहऱ्याने नव्हता, दाढीवाला सरदार होता! कंपनीकडे सरदारांचा तोटा नाही, त्यातलाच एक दाढीवाला काढून हातात लेखणी दिली असती तर जास्त बरोबर झालं असतं. अर्थात तो कोणी ओळखला नसता, आणि वार्टबुर्गवर त्याला नेमकं तेच पाहिजे होतं.

त्याच पुस्तकाच्या डाव्या पानावरून पुढे मोठा वाद झाला, आणि हे घेणाऱ्याला माहीत पाहिजे. पहिल्या आवृत्तीत डाव्या पानावर "जुन्या कराराची पुस्तकं" आणि खाली मोठ्या अक्षरात "समाप्त" असं जर्मनमध्ये छापलेलं होतं, उजव्या पानावर नवा करार. बनवणाऱ्यांचं म्हणणं साधं असणार, जुना भाग संपला, नवा सुरू, जुन्या बायबलांतही भागाच्या शेवटी असं लिहायचे. पण जर्मनीतल्या अभ्यासकांनी विचारलं की जुना करार म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, ते ल्यूथरच्या हातात "समाप्त" असं छापून तुम्ही पोरांच्या खेळण्यात काय देताय? नंतरच्या आवृत्तीत तो शब्द काढून टाकला.

दुसऱ्या कोणाच्या हातात असतं तर हा शब्दाचा कीस वाटला असता. ल्यूथरच्या हातात नाही वाटत. १५२३ मध्ये याच माणसाने लिहिलं की येशू जन्माने ज्यू होता, ज्यूंशी माणुसकीने वागा. त्याला वाटलं होतं चर्च सुधारलं की ते आपणहून ख्रिस्ती होतील. झाले नाहीत. आणि १५४३ मध्ये म्हाताऱ्या, आजारी, चिडक्या ल्यूथरने ज्यूंविरुद्ध असं पुस्तक लिहिलं की वाचवत नाही, त्यांची सिनेगॉग जाळा, घरं पाडा, ग्रंथ काढून घ्या. चारशे वर्षांनी नाझींनी ते पुस्तक आनंदाने वापरलं. विटेनबर्ग गावातल्या ज्या दुसऱ्या चर्चमध्ये तो प्रवचनं द्यायचा तिथे बाहेरच्या भिंतीवर वर ज्यूंची अत्यंत घाणेरडी टवाळी करणारं मध्ययुगीन शिल्प अजून आहे. ल्यूथरच्या आधीचं आहे, पण त्याने त्यावरही लिहिलंय, आणि वाईटच लिहिलंय. ते काढा म्हणून एका ज्यू गृहस्थांनी कोर्टात धाव घेतली, सर्वोच्च पातळीपर्यंत गेले, २०२२ मध्ये निकाल लागला की राहू द्या, कारण खाली जमिनीत १९८८ पासून स्मारकाची पाटी आहे आणि माहितीचा फलक आहे. मी खाली उभी राहून वर बघितलं. पिशवीत तो हसरा बाहुला होता. ते दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवणं सोपं जात नाही.

शेतकऱ्यांचंही तसंच. १५२५ मध्ये जर्मनीतले शेतकरी उठले, त्यांच्या मागण्यांत ल्यूथरचीच भाषा, ख्रिस्ताने सगळ्यांना मुक्त केलं तर आम्ही वेठबिगार कसे. आधी त्याने जमीनदारांनाही झापलं, मग जाळपोळ सुरू झाल्यावर सरळ लिहून टाकलं की या टोळ्यांना मारा, कापा. तोवर सरदार तेच करत होते, फ्रांकेनहाउझनला हजारो शेतकरी मेले. म्हणजे बादशहापुढे न घाबरणारा माणूस गावच्या गरिबांच्या बंडाला घाबरला, माझं तर हेच मत आहे, कोणाला पटो न पटो.

डब्यात जे नाही त्याबद्दल एक मोठी तक्रार: ल्यूथरची बायको, काथारीना फॉन बोरा. १५२३ च्या ईस्टरला निम्बशेनच्या मठातून ती आणि इतर काही नन एका व्यापाऱ्याच्या गाडीत लपून पळाल्या. तोर्गाउचा तो व्यापारी मठाला मासे पुरवायचा, म्हणून हेरिंगच्या पिंपातून आल्या अशी दंतकथा झाली. बाकीच्यांची कुठे ना कुठे सोय लागली, हिला मनासारखा कोणी मिळेना, तेव्हा हिने स्वतःच सांगितलं की करीन तर डॉक्टर ल्यूथरशी नाहीतर त्याच्या मित्राशी. १३ जून १५२५ ला लग्न. म्हणजे पळून आलेली नन आणि मठ सोडलेला साधू, आजच्या बातम्यांना आठवडाभर पुरेल असं प्रकरण. आणि मग रिकाम्या झालेल्या मठाचं घर झालं, ती पहाटे उठायची, बियर बनवायची, शेती बघायची, डुकरं पाळायची, विद्यार्थ्यांना पैसे घेऊन राहायला-जेवायला ठेवायची. जेवणाच्या टेबलावर ल्यूथर जे बोलायचा ते पोरं भराभर लिहून घ्यायची आणि ते छापून अमर झालं, पण त्या टेबलावर ताटं कोणी वाढली? पाद्र्याचं घरदार, बायकोमुलं असलेलं, हा प्रकार जो पुढे सगळ्या प्रॉटेस्टंट जगात चालू झाला त्याचा नमुना या बाईने चालवून दाखवला. सहा मुलं झाली, दोन मुली लहानपणी गेल्या, त्यातली माग्दालेना तेरा वर्षांची होऊन १५४२ मध्ये गेली आणि ल्यूथर मोडून पडला. तो हसरा नसलेला ल्यूथर मला तिथेही दिसतो.

वारसा म्हणाल तर तो पुस्तकात आणि लेखणीतच आहे, म्हणून हातोडा न देणं मला पटलं. घरातल्या आईकडे, गल्लीतल्या पोरांकडे, बाजारातल्या साध्या माणसाकडे बघून लिहायचं हे त्याचं भाषांतराचं तत्त्व, आणि त्यातून जी जर्मन भाषा घडली ती आजही लोक बोलतात. लोकांनी बायबल स्वतः वाचायचं तर वाचता आलं पाहिजे, म्हणून १५२४ मध्ये त्याने गावोगावच्या नगरपरिषदांना लिहिलं की शाळा काढा, मुलींसाठीसुद्धा. चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून आपल्या भाषेत गायचं, हेही त्यानेच रुजवलं, स्वतः वीणेसारखं ल्यूट वाजवायचा. डब्यात ल्यूट असतं तर मी अजून अर्धा तारा दिला असता.

इतर ल्यूथर-माल पण बघितला. मोजे मिळतात, त्यावर तेच न बोललेलं वाक्य. बरे आहेत, पण पायात घालायचं वाक्य आहे का ते? २०१० मध्ये ओटमार होर्ल नावाच्या कलाकाराने विटेनबर्गच्या चौकात ८०० प्लॅस्टिकचे ल्यूथर मांडले होते, कारण मधला १८२१ चा मोठा पुतळा डागडुजीला गेलेला. काही पाद्री लोक चिडले होते, मला फोटोत बघून आवडले. पण सगळ्यात भारी वॉर्म्सची गोष्ट. तिथे १८६८ चं प्रचंड स्मारक आहे, ल्यूथर मधे आणि भोवती हुसपासून सगळे, छान आहे, दहा मिनिटांत बघून होतं. जवळच्या बागेत, जिथे तो दरबार भरला होता त्या जागी, ब्राँझचे दोन भलेमोठे बूट ठेवलेत. माणूस नाही, नुसते बूट, आत पाय घालून उभं राहायचं. शाळेची पोरं रांग लावतात, उड्या मारतात, एकाला त्याच्या बाईंनी विचारलं, तू काय बोलला असतास? तो म्हणाला, सॉरी. सगळे हसले. मला वाटतं त्या वर्गातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच होतं.

तर घ्यायचा का? घ्या. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो हसण्यासाठी नाही, ते चेहरे तसेच असतात, तर बाहुल्याबरोबर गोष्ट सांगणारं कोणीतरी लागतं म्हणून. सांगणारं कोणी नसेल तर हा टोपीवाला नुसता टोपीवालाच राहतो. पोरांना देणार असाल तर वॉर्म्सची गोष्ट वेळ मागितल्यापासून सांगा, थेट शौर्यापासून नको. मोठ्या पोरांना १५४३ चं ते ज्यूंविरुद्धचं पुस्तक पण सांगा. लेखणी सगळ्यात छोटी आहे, पहिली तीच हरवणार आणि अगदी लहान बाळ घरात असेल तर वर ठेवा. जुनी, "समाप्त"वाली आवृत्ती सेकंडहँड बाजारात दिसली तर गोळा करणाऱ्यांना मोह होईल, पण पोरांसाठी नवीनच घ्या, डावं पान बघून मग पैसे द्या. आणि जमलं तर कंपनीच्या किल्ल्याच्या सेटमधला एखादा राजा शेजारी उभा करा, नुसता ल्यूथर एकटा शेल्फवर ठेवला तर तो कोणाशी बोलतोय तेच कळत नाही.